मापात पाप

हातात फोन आहेच, तर हवामानाचं ॲप उघडा आणि हवेचा दाब किती दाखवतंय ते बघा. पुण्यात असाल तर बहुतेक १०१० हेक्टोपास्कलच्या आसपासचा आकडा दिसेल. गंमत अशी की तुम्ही बसला आहात तिथे दाब एवढा नाहीच. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंच आहे आणि तिथला खरा दाब ९५० च्या आगेमागे असतो. ॲप खोटं बोलत नाहीये. वेगवेगळ्या गावांचे दाब एकमेकांशी ताडून बघता यावेत, म्हणून ही गावं समुद्राच्या पातळीवर असती तर दाब किती असता, असा हिशोब करून तो आकडा देण्याची पद्धत आहे. वादळ कुठे सरकतंय हे बघायचं असेल तर हाच आकडा कामाचा.

मी तो एकदा दुसऱ्या कामाला वापरला. त्यामुळे चाळीसेक माणसांना चार दिवस ठरल्यापेक्षा जास्त रेडिएशन मिळालं. त्यांच्यापैकी एकालाही ते कळलं नाही. कळणं शक्यच नव्हतं, आणि या गोष्टीला बरीच वर्षं झाली तरी मी अजून त्याच मुद्द्यापाशी अडकलेली आहे.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. घाटावरच्या एका शहरात, कॅन्सरच्या हॉस्पिटलात काम करते. लग्नकार्यात कुणी विचारलं तर सांगते, "लाईट देतात ना, ते मशीन बरोबर चालतंय का ते बघते." रेडिओथेरपी हा शब्द आमच्याकडे कागदावरच असतो. पेशंट म्हणतात लाईट, नाहीतर शेक. "वीस शेक झाले मॅडम, आता पाच राहिले." शब्द छान आहे, पण फसवा आहे. शेक घेताना ऊब लागते, जास्त झाला की चटका बसतो आणि माणूस आपोआप अंग काढून घेतो. आमच्या शेकाला ऊबच नसते.

डोस ग्रेमध्ये मोजतात. एक किलो शरीरात एक ज्यूल ऊर्जा मुरली की तो एक ग्रे. एक ग्रे रेडिएशनने पाण्याचं तापमान वाढतं ते अंशाच्या साधारण चार हजाराव्या भागाने. आता सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अख्ख्या शरीराला एकाच वेळी ४ ग्रे मिळाले, असं समजा. उपचार झाले नाहीत तर अशा माणसांपैकी साधारण निम्मी काही आठवड्यांत दगावतात. त्यांच्या अंगात गेलेली एकूण ऊर्जा असते २८० ज्यूल. गरम चहाच्या अर्ध्या चमच्यातून जेवढी ऊब पोटात जाते, जवळपास तेवढीच. चहाने काही होत नाही कारण त्याची ऊब सगळीकडे पसरून जाते. रेडिएशनची तेवढीच ऊर्जा पेशींच्या आत, अगदी बारीक बारीक ठिकाणी, डीएनएची साखळी तोडत जाते. कॅन्सरच्या गाठीला तर आम्ही ५०, ६०, कधी ७० ग्रे देतो. फक्त गाठीपुरते, आणि रोज थोडे थोडे, बहुतेक वेळा २ ग्रे.

म्हणजे टेबलावर पडलेल्या माणसाला काय जाणवतं? मशीनची घरघर. मिनिटा-दोन मिनिटांनी दार उघडतं आणि आमच्या टेक्नॉलॉजिस्ट ताई म्हणतात, "झालं, उठा." २ ग्रे मिळाले की सव्वादोन की पावणेदोन, हे सांगणारं एकही इंद्रिय माणसाला नाही.

माझ्या वडिलांचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान होतं. इलेक्ट्रॉनिक काटा येण्याआधीचा तराजू मला चांगला आठवतो. एक पारडं जड असेल तर दुसऱ्या बाजूला पासंग बांधायचा, ठरावीक काळाने वजनमापवाले येऊन वजनांवर शिक्का मारून जायचे, हे सगळं मी गल्ल्यामागच्या पोत्यावर बसून बघितलंय. 'मापात पाप नको' हे वडिलांचं पालुपद होतं. काटा स्थिर झाला की ते वरून आणखी मूठभर ज्वारी टाकायचे. आई चिडायची. ते म्हणायचे, "चुकलंच तर गिऱ्हाइकाच्या बाजूने चुकू दे."

पण त्यांच्या प्रामाणिकपणाला एक आधार होता, तो मला फार उशिरा दिसला. आमच्याकडून ज्वारी घेतलेलं गिऱ्हाईक दळण घेऊन गिरणीत जायचं, आणि गिरणीवाला पुन्हा वजन करायचा. दोन ठिकाणच्या वजनात फरक आला तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. दुकानदार चांगला असो की वाईट, गिरणीचा काटा त्याच्या डोक्यावर होताच.

माझ्या पेशंटला गिरणी नाही. त्याला मिळालेला डोस घरी नेऊन पुन्हा तोलता येत नाही. त्याच्या बाजूने मोजणारी जगात एकच व्यक्ती आहे, आणि ती म्हणजे ज्या हॉस्पिटलने डोस दिला तिथलीच पगारी नोकर. मी.

वडिलांची मूठभर ज्वारीही इथे चालत नाही. जास्त दिलं तर गाठीशेजारचं चांगलं आतडं, मूत्राशय, मणका भाजून निघतो. कमी दिलं तर गाठ उरते. गिऱ्हाइकाच्या बाजूने चुकायची सोयच नाही, कारण दोन्हीकडे गिऱ्हाईकच उभं आहे. उदारपणा हा गुण जिथे निरुपयोगी आहे, अशा धंद्यात मी आले. इथे फक्त नेमकेपणा चालतो.

आता हे मोजतात कसं ते थोडक्यात सांगते, कारण माझी चूक त्यातच आहे.

मशीनच्या डोक्यात त्याचा स्वतःचा एक मोजणारा चेंबर असतो. ठरवलेले युनिट मोजून झाले की तो बीम बंद करतो. पण त्याचं एक युनिट म्हणजे नेमका किती डोस, हे मशीनला कुणीतरी बाहेरून सांगावं लागतं. ते काम माझं. त्यासाठी मी पाण्याने भरलेली टाकी मशीनखाली ठेवते. शरीर बरंचसं पाण्यासारखंच वागतं, म्हणून पाणी. त्यात १० सेंटिमीटर खोल एक बारीक नळीसारखा चेंबर बसवते. त्याला फार्मर चेंबर म्हणतात. शेतीशी संबंध नाही, फ्रँक फार्मर नावाच्या ब्रिटिश फिजिसिस्टने १९५५ साली तो मांडला. त्याच्या टोकाला शेंगदाण्याएवढी पोकळी असते, ०.६ घन सेंटिमीटरची, आणि त्यात साधी हवा. किरण त्या हवेतून गेले की हवेत विद्युतभार तयार होतो. तो गोळा करून मोजायचा, गुणाकार करायचे, आणि डोस काढायचा.

ती हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. खोली तापली की हवा पसरते आणि पोकळीतली थोडी बाहेर जाते. दाब कमी असला तरी आत कमी हवा राहते. हवा कमी म्हणजे भार कमी, मग रेडिएशन तेवढंच का असेना. म्हणून दर वेळी तापमान आणि दाब मोजून आकडा दुरुस्त करावा लागतो. घाटावर ही दुरुस्ती साडेसहा टक्क्यांच्या आसपास असते. कोकणात जवळजवळ नसतेच.

गुणाकारातला एक आकडा चेंबरसोबत प्रमाणपत्रात येतो. ठरावीक वर्षांनी आमचा चेंबर गादीच्या पेटीत बसून मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत जातो. तिथल्या मापाशी त्याची तुलना होते. तिथलं माप पुढे पॅरिसजवळच्या सेव्र गावातल्या आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयाशी जोडलेलं असतं. वजनमापवाल्यांचा शिक्काच म्हणा, फक्त लांबून आलेला. आणि एवढं सगळं निगुतीने केलं तरी शेवटच्या आकड्यात सुमारे दीड टक्क्याची अनिश्चितता उरतेच. ती आम्ही लपवत नाही, लिहून ठेवतो.

१९७६ साली आयसीआरयू या आंतरराष्ट्रीय आयोगाने म्हटलं की गाठीला मिळणारा डोस ठरवलेल्या डोसच्या पाच टक्के इकडेतिकडे, एवढ्यातच असावा. या पाच टक्क्यांत सगळ्यांना राहायचं असतं. पेशंट टेबलावर किंचित हलतो, पोटात गॅस होतो, वजन उतरतं, कॉम्प्युटरचा हिशोब थोडा चुकतो. त्यात मोजणाऱ्यानेच साडेसहा टक्के खाल्ले तर बाकीच्यांना जागाच उरत नाही.

नोकरीचं माझं पहिलं वर्ष. सर, म्हणजे आमचे सीनियर फिजिसिस्ट, आठवडाभर रजेवर होते. महिन्याची तपासणी माझ्यावर आली. आमचा बॅरोमीटर दुरुस्तीला गेला होता. मी फोन काढला, ॲपमध्ये बघितलं, वहीत लिहिलं: दाब १०१२.

हिशोब केला तर मशीन सहा टक्क्यांहून कमी डोस देतंय, असं निघालं. पुन्हा मोजलं. तेच. साहजिक आहे, दाब तोच घेतला होता. इथे मी थांबायला हवं होतं. एवढा मोठा फरक एकटीने दुरुस्त करायचा नाही, दुसऱ्या माणसाने दुसऱ्या साधनाने मोजल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हे मला शिकवलेलं होतं. पण संध्याकाळचे साडेआठ झाले होते, आणि मला वाटलं की बरं झालं मी पकडलं. पेशंटना कमी डोस जात होता, मी तो पूर्ववत केला. मशीन वर चढवलं आणि समाधानाने घरी गेले. त्या रात्री मला छान झोप लागली, हे मुद्दाम सांगते.

सकाळी ताईंचा फोन. रोज पहिल्या पेशंटआधी त्या एका छोट्या उपकरणाने मशीनची झटपट तपासणी करतात. "मॅडम, आज लाल दाखवतंय. साडेसहा टक्के जास्त." मी म्हटलं, "काल रात्री ॲडजस्ट केलंय ना, म्हणून. मी येऊन त्याची बेसलाइन बदलते." ताई थोड्या थांबल्या. "एवढा फरक कधी आला नव्हता पण." मी म्हटलं, "म्हणूनच तर दुरुस्त केलं."

दोन उपकरणं दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती, आणि मी जे माझं होतं त्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्याचा काटा फिरवून माझ्या काट्याशी जुळवला. वडिलांनी हे बघितलं असतं तर त्याला त्यांच्याकडे एकच शब्द होता, काटा मारणं. फरक इतकाच की काटा मारणाऱ्याला आपण काय करतोय ते माहीत असतं.

पाचव्या दिवशी सर आले. वही चाळली. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "काय गं, आपण घाटावर राहतो की अलिबागला?"

माझ्या लक्षात यायला दोन सेकंद लागले असतील. त्या दोन सेकंदांत पोटात जे झालं ते अजून होतं.

त्याच दुपारी मशीन पूर्वीच्या जागी आणलं. हिशोब मांडला. बहुतेक पेशंटचे पंचवीस-तीस दिवसांचे उपचार होते. पंचवीसपैकी चार दिवस साडेसहा टक्के जास्त, म्हणजे एकूण डोसमध्ये एक टक्का जास्त. एका आजोबांना मात्र हाडातल्या दुखण्यासाठी एकाच दिवसात ८ ग्रे द्यायचे होते. त्यांना साडेआठ गेले. डॉक्टरांनी प्रत्येकाचे कागद बघितले आणि सांगितलं की यात वैद्यकीयदृष्ट्या काळजीचं काही नाही. ते खरं होतं. रोज पेशंट टेबलावर झोपतो तेव्हाच्या इकडेतिकडे होण्याने यापेक्षा जास्त फरक पडत असेल. प्रकार लेखी नोंदवला गेला, वरिष्ठांच्या बैठकीत मांडला गेला, आणि यापुढे बेसलाइन बदलायला दोन सह्या लागतील, असं ठरलं. पेशंटना सांगायचं का, हा प्रश्नही निघाला. डॉक्टर म्हणाले, "एक टक्क्यासाठी? त्यांची झोप उडवायची, आणि आपल्या मनाला हलकं वाटावं म्हणून?" मला मनातून बरं वाटलं. मी काही बोलले नाही.

नंतर मी या धंद्यातल्या चुका शोधून शोधून वाचल्या. दोन माझ्या डोक्यातून गेल्याच नाहीत.

एक कोस्टा रिका देशातली. १९९६ साली राजधानी सान होजेमधल्या एका कोबाल्ट मशीनमध्ये नवीन स्रोत बसवला. कोबाल्टचं मशीन वेळेवर चालतं. मिनिटाला किती डोस पडतो हे मोजायचं आणि त्यावरून किती वेळ चालू ठेवायचं ते काढायचं. मोजताना स्रोत ०.३ मिनिट उघडा होता. हिशोबात ते ३० सेकंद धरले गेले. पण ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंद. स्रोत होता त्यापेक्षा कमजोर समजला गेला, आणि त्यामुळे पेशंट जास्त वेळ त्याच्याखाली राहिले. ११५ जणांना ठरल्यापेक्षा पन्नास-साठ टक्के जास्त डोस गेला. काही त्यामुळेच दगावले. कुणाचा वाईट हेतू नव्हता. दशांश चिन्हाशेजारचा तीनचा आकडा आणि घड्याळातले तीस यांच्यात गल्लत झाली, जशी माझी समुद्राच्या आणि घाटाच्या दाबात झाली.

थॉमस नेगल आणि बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञांनी १९७६ साली ज्या प्रश्नाला तोंड फोडलं, त्याला नैतिक नशीब म्हणता येईल. नेगलचं एक उदाहरण आहे. एका ट्रकवाल्याने ब्रेक तपासून घेतले नाहीत. अचानक समोर मूल आलं आणि चिरडलं गेलं. तसाच निष्काळजी दुसरा ट्रकवाला, पण त्याच्या रस्त्यात मूल आलंच नाही. दोघांचं वागणं सारखं, तरी एकाला आपण खुनी समजतो आणि दुसऱ्याला काहीच म्हणत नाही. हे बरोबर आहे का?

मी दुसरी ट्रकवाली आहे. माझ्या आणि त्या सान होजेच्या मोजणाऱ्या माणसाच्या निष्काळजीपणात मला डावंउजवं करता येत नाही. माझी चूक साडेसहा टक्क्यांवर थांबली कारण आमचं गाव त्याच उंचीवर आहे. चार दिवसांवर थांबली कारण सरांची रजा तेवढीच होती. यात माझं कर्तृत्व शून्य. म्हणून 'परिणाम काही झाला नाही ना' हे वाक्य मला दिलासा देत नाही. चूक किती मोठी, हे परिणामावरून मोजणं म्हणजेही घाटावर बसून समुद्राचा दाब वापरण्यासारखं आहे.

दुसरी घटना इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंटमधली, आणि मला ती जास्त भयानक वाटते, कारण तिच्यात कुणी भाजलं नाही. पेशंटचं अंग मशीनच्या जवळ असेल तर किरण जास्त जोराने लागतात, म्हणून डोस देताना तेवढी कपात करायची असते. १९८२ मध्ये तिथे हिशोबाला कॉम्प्युटर आला. तो ही कपात स्वतःच करत होता. माणसं मात्र जुन्या सवयीने ती हातानेही करत राहिली. कपात दोनदा झाली. १९९१ मध्ये नवीन प्रणाली आली, तिचे आणि जुनीचे आकडे जुळेनात, तेव्हा हे उघड झालं. नऊ वर्षांत १०४५ पेशंटना कमी डोस मिळाला होता, काहींना तर तीस टक्क्यांपर्यंत.

विचार करा, त्या नऊ वर्षांत त्या हॉस्पिटलात काय चाललं असेल. डोस कमी, म्हणून त्रासही कमी. कातडी कमी लाल होते, जुलाब कमी होतात. पेशंट खूश, आभार मानून घरी जातात. वर्षा-दोन वर्षांनी त्यांतल्या काहींची गाठ परत येते. कॅन्सर परत येतो हे सगळ्यांना माहीत असतं, नीट डोस मिळालेल्यांचाही येतो. डॉक्टर खांद्यावर हात ठेवतात. घरचे लोक आपापल्या भाषेत तेच म्हणतात जे आपल्याकडे म्हणतात, नशीब.

आमच्या कामातला धोका मला इथे सापडला. आमची चूक दिसत नाही, कारण नशीब नावाची एक मोठी पोतडी शेजारीच उघडी असते आणि चूक गुपचूप त्यात जाऊन पडते. शंभर पेशंटमध्ये काहींची गाठ परत येणारच. त्यांत आणखी पाच वाढले तर ते पाच कोण, हे त्यांनाही कळत नाही आणि आम्हालाही. कुणा एकाच्या घरी जाऊन 'तुमचा माणूस आमच्यामुळे गेला' असं म्हणता येत नाही, आणि 'आमच्यामुळे गेला नाही' असंही म्हणता येत नाही. नशिबाला जेवढं जायचं ते जाईलच. पण त्याच्या नावावर आपलं देणं टाकायचं नाही, एवढं तर आपल्या हातात आहे. मी चेंबर पाण्यात सोडते तेव्हा खरं म्हणजे हेच करत असते. नशिबाचं खातं आणि आमचं खातं वेगळं ठेवते.

त्या चार दिवसांच्या पेशंटमध्ये एक आजी होत्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, पंचवीस शेक. रोज एसटीने यायच्या, माझ्या टेबलापाशी थांबून विचारायच्या, "पोरी, शेक बरोबर बसतोय ना?" त्या चार दिवसांतही विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

दीड वर्षाने त्या तपासणीला आल्या. गाठ गेली होती. पण शौचातून रक्त जात होतं. या ठिकाणच्या रेडिएशननंतर काही जणांना हा त्रास होतो, डोस अगदी बरोबर दिला तरी होतो. बाकावर बसून त्या म्हणाल्या, "भोग आहेत माझ्या नशिबाचे. दुसरं काय."

मला ते ऐकवलं नाही. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. आजी, चार दिवस माझ्या हातून मोजण्यात चूक झाली होती, तुम्हाला थोडं जास्त गेलं होतं. एक टक्का म्हणजे किती, ते रुपया-पैशात समजावलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्यानेच झालं का हे?"

"सांगता येत नाही, आजी. बहुतेक नाही. पण नक्की नाही, असं म्हणता येत नाही."

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "मग आता कशाला सांगितलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा औषधं घेऊन आला, त्या उठल्या आणि गेल्या. पुढच्या तपासणीला त्यांनी मला काही विचारलं नाही, माझ्या टेबलापाशी थांबल्याही नाहीत. डॉक्टरांनी मला बोलावून झापलं. ते चुकीचं झापले असं मला वाटत नाही.

त्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केलाय. आजींचा शब्द होता 'आता'. दीड वर्षाने, माझ्या मनाला सोसवेना म्हणून, एकटीने बाकावर बसून सांगणं ही माझी गरज होती. ओझं माझं होतं आणि मी ते त्यांच्या पिशवीत टाकलं. डॉक्टर बैठकीत म्हणाले होते ते या सांगण्याला तंतोतंत लागू पडलं. पण म्हणून न सांगणं बरोबर ठरत नाही. सांगायचं होतं ते पाचव्या दिवशी, हॉस्पिटलने, डॉक्टरांनी समोर बसवून, चाळीसच्या चाळीस जणांना. तेव्हा त्यांचे उपचार चालू होते. जास्त गेलेलं पुढच्या दिवसांत वळतं करता येतं का, हे त्यांना विचारता आलं असतं. दुसऱ्या डॉक्टरकडे जाता आलं असतं. रागावता आलं असतं, आणि रोज येत असल्यामुळे तो राग आमच्यावर काढताही आला असता. तेव्हा ती माहिती त्यांच्या उपयोगाची होती. दीड वर्षाने ती फक्त माझ्या उपयोगाची उरली.

एक टक्का इतका थोडा, की सांगण्यासारखा नाही, असं आम्ही म्हटलं. पण किती थोडं म्हणजे न सांगण्याइतकं थोडं, हे ठरवणारे आम्हीच, ज्यांनी चूक केली तेच. दुकानदारानेच माप भरायचं आणि किती कमी भरलं तर चालेल हेही त्यानेच ठरवायचं. ज्याला पुन्हा तोलून बघता येतं त्याला एखादी गोष्ट नाही सांगितली तरी निभावतं. ज्याला तोलताच येत नाही त्याचं तसं नाही. आम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळायला दुसरी वाटच नसते.

आता बॅरोमीटर दोन आहेत. वहीत दाब लिहिला की शेजारी, आपल्या गावात तो कशापासून कशापर्यंत असू शकतो, ती मर्यादा छापलेली आहे. मोठा फरक आला तर सर, म्हणजे आता मीच, दुसऱ्या कुणाला तरी दुसऱ्या चेंबरने मोजायला लावते. आणि अधूनमधून पोस्टाने एक छोटं पाकीट येतं. त्यात डोस साठवून ठेवणाऱ्या बारीक पुड्या असतात. त्यांना ठरलेला डोस द्यायचा, आपण किती दिला ते लिहायचं आणि परत पाठवायचं. तिकडे कुणीतरी, ज्याने आम्हाला कधी बघितलेलं नाही, ते वाचून कळवतं की तुम्ही म्हणता तेवढाच आहे का. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून हे जगभर करत आल्यात. आपल्याकडे भाभा केंद्रही करतं. पाकीट आलं की नवीन मुलं वैतागतात, परीक्षा आली म्हणून. मला मात्र गिरणी आठवते.

माझ्या हाताखालच्या मुलीने मागच्या महिन्यात विचारलं, "मॅडम, अर्धा टक्काच फरक आहे, पुन्हा मोजायचं का?" अर्धा टक्का मर्यादेत बसतो. मोजायची गरज नव्हती. मी म्हटलं, "नको. पण लिहून ठेव. अर्धा टक्का जास्त, असंच लिही, बरोबर आहे असं नको लिहू."

तिने लिहिलं. खाली मी सही केली.